कर्लिंग कसं खेळतात: दगड हातातून सुटल्यानंतरचे २४ सेकंद

प्रश्न असा आहे: "हिवाळी ऑलिंपिकमध्ये कर्लिंग पाहिलं. एकजण घसरत येऊन दगड सोडतो, दोघं त्याच्या पुढ्यात बर्फ घासत सुटतात आणि चौथा पलीकडून ओरडत असतो. हा खेळ नेमका कसा खेळतात? गुण कसे मोजतात? घासून खरंच काही फरक पडतो का? आणि शिकायचं झालं तर आधी काय शिकावं?"

मी १८ वर्षं कर्लिंग खेळते आहे आणि त्यातली ११ वर्षं नवख्यांना शिकवतेही. बर्फावर पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येकजण हा नेमबाजीचा खेळ आहे असं धरून येतो. समोर रंगीत वर्तुळं आणि हातात दगड, मग दुसरं काय वाटणार? पण नेम हा त्यातला सोपा भाग. दिशा दाखवायला पलीकडे कॅप्टन, म्हणजे 'स्किप', ब्रश धरून उभा असतो, त्याच्याकडे बघत सरळ घसरत जायचं. अवघड असतो तो वेग. आम्ही त्याला 'वेट' म्हणतो, म्हणजे दगडाचं वजन नव्हे, हातातून सुटताना त्याला मिळालेला वेग. दगड कुठवर जाईल, किती वळेल, त्याच्यापुढे घासायचं की हात आवरायचा, हे सगळं वेटवर ठरतं. म्हणून नियम सांगतानाही मी फिरून फिरून वेटवरच येणार आहे.

आधी मैदान. बर्फाच्या लांबट पट्टीला 'शीट' म्हणतात. लांबी साधारण ४५.७ मीटर, रुंदी जास्तीत जास्त ५ मीटर. दोन्ही टोकांना एकेक 'हाउस', म्हणजे एकात एक रंगवलेली वर्तुळं. सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ३.६६ मीटर आणि मध्यभागी छोटंसं 'बटन'. बटनाच्या मधोमध आडवी जाते ती 'टी लाइन'. तिच्या ६.४ मीटर अलीकडे 'हॉग लाइन' आणि हाउसच्या मागच्या कडेला टेकून 'बॅक लाइन'. पाय रोवायला टोकाजवळ रबराचा आधार असतो, तो 'हॅक'. खेळणाऱ्याने जवळच्या हॉग लाइनच्या आत दगड सोडायलाच हवा आणि तो पलीकडची हॉग लाइन पूर्ण ओलांडून गेला पाहिजे. अलीकडेच थांबला तर बाद. बॅक लाइन पूर्ण ओलांडली किंवा बाजूच्या कडेला लागला तरी बाद.

दगड ग्रॅनाइटचा असतो. वर धरायला लावलेल्या मुठीसकट वजन किमान १७.२४ आणि कमाल १९.९६ किलो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोर आयल्सा क्रेग नावाचं छोटंसं बेट आहे, उत्तम दगड तिथल्या ग्रॅनाइटचे. हा दगड इतका घट्ट विणीचा आहे की पाणी शोषून घेत नाही. पाणी शिरलं, गोठलं आणि फुगलं की दगडाचे टवके उडतात, ते इथे होत नाही. मॉक्लिन गावातली एक कंपनी १८५१ पासून हे दगड घडवते आहे. नवखे एक गोष्ट हमखास विसरतात. दगडाचा पूर्ण तळ बर्फाला टेकत नाही. तळ खोलगट असतो आणि जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची एक गोल कड बर्फावरून चालते. जवळपास वीस किलोंचा भार तेवढ्याशा कडेवर असतो.

आणि बर्फही गुळगुळीत नसतो. सामन्याआधी बर्फ सांभाळणारा माणूस पाठीवर टाकी घेऊन उलट चालत कोमट पाण्याचे बारीक थेंब शिंपडत जातो. थेंब पडताक्षणी गोठतात आणि पृष्ठभागावर बारीक बारीक पुळ्या उठतात. त्यांना 'पेबल' म्हणतात. मग पात्याने त्यांचे शेंडे हलकेच तासतात. दगड या पुळ्यांच्या शेंड्यांवरून चालतो, म्हणून घर्षण कमी आणि म्हणूनच तो इतक्या लांब जातो. हात लावून पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखं लागतं. दगड त्यावरून जाताना घरघर असा खोल आवाज येतो, आणि तो आवाज ऐकून मुरलेला खेळाडू मान न वळवता सांगतो की बाजूच्या शीटवरचा दगड जोरात सुटलाय की हळू. सामना पुढे सरकतो तसे पेबल झिजतात, रोजच्या वाटेवर बर्फ जलद होतो आणि जिथे दगड गेलेच नाहीत तिथे तो मंदच राहतो. म्हणजे पहिल्या 'एंड'ला (दोन्ही संघांच्या मिळून १६ दगडांची एक फेरी) जुळलेला वेट सहाव्या एंडला जुळेलच असं नाही. दर दोन-तीन एंडनंतर नव्याने अंदाज बांधावा लागतो.

आता दगड सोडणं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय हॅकमध्ये. डाव्या बुटाखाली टेफ्लॉनसारखा निसरडा 'स्लायडर' आणि उजव्या बुटाखाली पकड देणारं रबर. खाली बसायचं, दगड पुढ्यात, डाव्या हातात तोल सांभाळायला ब्रश. कंबर किंचित उचलायची, दगड थोडा मागे घ्यायचा आणि पुढे निघायचं: आधी दगड, मागून सरकता पाय आणि शेवटी हॅकमधल्या पायाचा रेटा. जोर पायातून येतो. हात दगडाला ढकलत नाही, फक्त सोबत करतो. नवख्याचा वेट बिघडतो तो इथेच. पायाने रेटा कमी पडला असं वाटलं की शेवटच्या क्षणी हाताने ढकलतो, आणि मग वेटही गेला आणि दिशाही.

सोडताना मूठ किंचित फिरवायची. घड्याळाच्या तबकडीचा विचार करा. मूठ १०च्या दिशेला धरून निघालात आणि १२ला आणून सोडली, तर उजव्या हाताचा दगड घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत जाईल. हा 'इन-टर्न'. २वरून १२ला आणली तर उलटा फिरेल, तो 'आउट-टर्न'. सुटल्यावर हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा उरला पाहिजे. फिरकी अगदी मंद हवी. पूर्ण प्रवासात दगड अडीच-तीन फेरे घेईल इतपतच. गरागरा फिरवलेला दगड फारसा वळत नाही, आणि मुळीच न फिरवलेला कुठे भरकटेल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

या वळण्यालाच इंग्रजीत 'कर्ल' म्हणतात. खेळाचं नाव पडलं ते बर्फावरच्या आवाजावरून की वळण्यावरून, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. वळण्याचं कोडं मात्र फार सुंदर आहे. टेबलावर एक पेला उपडा ठेवा, घड्याळाच्या दिशेने फिरवत पुढे सरकवा. तो डावीकडे झुकेल. कर्लिंगचा दगड त्याच दिशेने फिरवला तर उजवीकडे वळतो, बरोबर उलट! हे का होतं यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. काहींच्या मते दगडाच्या पुढच्या कडेखाली बर्फ जास्त निसरडा होतो. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी असं मांडलं की पुढची कड पेबलवर तिरके ओरखडे पाडते आणि मागची कड त्या ओरखड्यांच्या मागे ओढली जाते. खेळणाऱ्याला यातलं एकच पक्कं लक्षात ठेवायचंय: दगड हळू झाला की जास्त वळतो. मीटर-सव्वा मीटरचं वळण येतं, आणि त्यातलं बरंचसं शेवटच्या टप्प्यात. म्हणजे पुन्हा वेट. वेट जास्त, वळण कमी.

आता घासण्याकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे. होय, फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. ब्रश जोराने आणि भरभर फिरला की पेबलच्या शेंड्यांवरचा बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगडाचा वेग मंदावण्याचं प्रमाण घटतं आणि तो कमी वळतो. दमदार जोडी दगडाला दोन-तीन मीटर सहज पुढे नेते. दगडाला ब्रश लावायचा नाही, पुढचा बर्फच घासायचा. एकदा घासलेलं परत घेता येत नाही. दगडाचा वेग वाढवता येत नाही आणि त्याला थांबवताही येत नाही, फक्त मंदावणं लांबवता येतं. म्हणून सोडणाऱ्याला मी नेहमी सांगते की चुकायचंच तर एक केसभर हळूच्या बाजूला चूक. हळू सुटलेला दगड सोबती वाचवू शकतात, जोरात सुटलेल्याला कुणी वाचवू शकत नाही.

एक दगड जवळून बघा. बटनावर थांबवायचा 'ड्रॉ' आहे, म्हणजे कुणाला न मारता हाउसमध्ये टेकवायचा दगड. हातातून सुटला. दोन्ही स्वीपर, म्हणजे घासणारे, त्याच्याबरोबर अर्धवट पळताहेत, ब्रश बर्फापासून चार बोटं वर. हॉग ते हॉग १४-१५ सेकंद घेणार, हे त्यांनी सुरुवातीच्या काही मीटरांतच ओळखलेलं असतं. त्यातला एक ओरडतो, "सहा! सहा!" आम्ही दगड कुठे थांबेल ते आकड्यात सांगतो. १ ते ३ म्हणजे हाउसच्या अलीकडे, ४ म्हणजे हाउसचा पुढचा काठ, ७ म्हणजे बटन, १० म्हणजे हाउसचा मागचा काठ. पलीकडे स्किप वेट बघत नाही. त्याच्या जागेवरून वेट नीट कळतही नाही. तो बघतो दिशा. दगड वळायला लागला, अजून दोन बोटं जास्त वळला तर समोरच्या 'गार्ड'ला, म्हणजे हाउसपुढे वाट अडवून ठेवलेल्या दगडाला, घासेल, म्हणून तो किंचाळतो, "हर्री! हार्ड!" दोघं अख्खा भार ब्रशवर टाकतात. दगड सरळ राहतो, गार्डच्या कडेने निसटतो. लगेच, "व्होआ!" ब्रश वर. आता त्याला वळू द्यायचंय. "आठ होतोय," स्वीपर सांगतो आणि दगड बटनाच्या पाठीशी टेकतो. टीव्हीवर निव्वळ आरडाओरडा वाटतो तो हा. वेट सांगायचा स्वीपरने, दिशा सांगायची स्किपने. जवळच्या हॉग लाइनपासून पलीकडच्या बटनापर्यंत २४-२५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात चार माणसं मिळून एक दगड खेळतात.

ब्रशच्या कापडावरून एकदा मोठं वादळही झालंय. २०१५ मध्ये असं कापड निघालं की एकच स्वीपर दगडाला हवा तसा वळवू लागला, सोडणाऱ्याच्या कौशल्याला अर्थच उरेना. खेळाडूंनीच आवाज उठवला आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना एकच ठरावीक कापड सक्तीचं झालं. योग्यच झालं.

गुण मोजणं एका मिनिटात समजतं. संघात चौघं: लीड, सेकंड, थर्ड आणि बहुतेक वेळा शेवटी खेळणारा स्किप. प्रत्येकी दोन दगड, दोन्ही संघ आलटून पालटून. असे १६ दगड झाले की एक 'एंड' संपला. मग बटनाच्या मध्यबिंदूला सगळ्यात जवळ कुणाचा दगड ते पाहायचं. त्या संघालाच गुण, दुसऱ्याला शून्य. प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा आत जितके दगड तितके गुण. लालचे दोन आत, मग पिवळ्याचा एक, मग लालचा आणखी एक, तर लालला दोनच. चौथ्याला काही किंमत नाही. दगड हाउसला निदान शिवलेला तरी हवा. मोठ्या स्पर्धांत १० एंड, इतरत्र बऱ्याचदा ८. १० एंडच्या सामन्यात विचार करायला प्रत्येक संघाला ३८ मिनिटं असतात.

आणि आता ज्याच्याशिवाय सामना बघून काहीच कळणार नाही ते: 'हॅमर'. एंडचा शेवटचा दगड ज्याच्याकडे, त्याच्याकडे हॅमर. एंडमध्ये गुण ज्याने मिळवले त्याच्याकडून हॅमर जातो आणि पुढच्या एंडला दुसऱ्याला मिळतो. कुणालाच गुण मिळाला नाही तर हॅमर आहे तिथेच राहतो. त्यामुळे बघणाऱ्याला चक्रावून टाकणारी एक गोष्ट घडते. हाउस रिकामं आहे, नुसता दगड टेकवला तर एक गुण आयता मिळतोय, तरी संघ आपलाच शेवटचा दगड मुद्दाम आरपार घालवतो! कारण हॅमर हातात असताना एक गुण म्हणजे तोटा. अपेक्षा दोनाची असते. एकच मिळत असेल तर शून्य घेऊन हॅमर राखणं शहाणपणाचं. उलट, हॅमर नसलेला संघ समोरच्याला एकावर रोखायला किंवा गुण चोरायला बघतो. याला 'स्टील' म्हणतात आणि त्याने सामना फिरतो.

यावरूनच डावपेच ठरतात. हॅमर नसलेला संघ मधोमध गार्ड लावून बटनाची वाट अडवतो, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या दगडाला मोकळा ड्रॉ मिळू नये. हॅमर असलेला बाजूला गार्ड लावतो, मधली वाट मोकळी ठेवतो आणि बाजूच्या आडोशाला दगड साठवतो. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकची पुरुषांची अंतिम लढत मिळाली तर जरूर बघा. अमेरिका आणि स्वीडन सात एंडनंतर ५-५. आठव्या एंडला हॅमर अमेरिकेकडे. जॉन शुस्टरने शेवटच्या दगडाने स्वीडनचे दोन दगड एकदम उडवले आणि एका फटक्यात ५ गुण घेतले. सामना १०-७ असा संपला. हाउसमध्ये एवढे दगड जमूच कसे दिले, असा विचार करत तो एंड पहिल्या दगडापासून बघायला हवा. मी तो शिकवताना अनेकदा दाखवला आहे.

गार्ड लावला की समोरच्याने लगेच उडवला, असं झालं तर खेळात राम उरणार नाही. म्हणून 'फ्री गार्ड झोन' आहे. हॉग लाइन आणि टी लाइन यांच्यामधल्या, पण हाउसच्या बाहेरच्या पट्ट्यात असलेला प्रतिस्पर्ध्याचा दगड एंडचे पहिले पाच दगड होईपर्यंत खेळाबाहेर घालवायचा नाही. घालवलात तर तो परत जागेवर ठेवतात आणि तुमचा दगड काढून घेतात. पूर्वी ही मर्यादा चार दगडांची होती. पाचाची झाल्यापासून आघाडी घेतलेल्या संघाला नुसतं उडवत बसून सामना संपवणं कठीण झालंय, आणि मला तो बदल मनापासून आवडतो.

मारण्याचे फटके मोजकेच. 'टेकआउट' म्हणजे समोरचा दगड बाहेर काढणं, 'फ्रीझ' म्हणजे समोरच्या दगडाला चिकटून थांबणं, 'पील' म्हणजे मारून आपणही बाहेर जाणं. टेकआउट दिसायला भारी. फ्रीझ अवघड, कारण तिथे वेटला सूट नाही. एक इंच कमी पडला तर फट राहते, जास्त झाला तर समोरचा दगड ढकलला जातो.

एक नियम पंच नाही, खेळाडूच पाळतो. चालत्या दगडाला ब्रश किंवा पाय लागला तर त्या दगडाला 'बर्न' झाला म्हणतात, आणि ज्याच्याकडून लागला त्यानेच सांगायचं असतं. माझ्या तिसऱ्या हंगामात नवव्या एंडला माझ्या ब्रशचा कोपरा आमच्याच दगडाला निसटता लागला. दगड पलीकडची हॉग लाइन ओलांडून गेला होता, आवाज झाला नव्हता, कुणाला दिसलंही नव्हतं. दगड नेमका हवा तिथे थांबला. मी हात वर करून सांगितलं. अशा वेळी दगड काढायचा की राहू द्यायचा हे समोरच्या स्किपने ठरवायचं असतं. तिने काढला. आम्ही हरलो. सामना संपल्यावर तिने हात मिळवला तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. सामन्याआधी आणि नंतर प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवायचा, आणि आता आपण गाठू शकत नाही असं दिसलं की एंड शिल्लक असतानाही हात पुढे करून सामना सोडायचा, याला कर्लिंगमध्ये कुणी पळपुटेपणा म्हणत नाही.

मिश्र दुहेरी हा वेगळाच वेगवान प्रकार आहे. संघात एक पुरुष आणि एक स्त्री, पाच दगड, ८ एंड, आणि प्रत्येक संघाचा एकेक दगड आधीच बर्फावर मांडलेला. शून्य एंडनंतर इथे हॅमर जातो, म्हणून रिकामा एंड कुणालाच नको असतो. २०१८ पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. पुरुष आणि महिला कर्लिंग १९९८ च्या नागानोपासून सलग आहे. व्हीलचेअर कर्लिंगमध्ये घासणं नाही, दगड लांब काठीने सोडतात, आणि म्हणून वेटची खरी कसोटी तिथे लागते. सुटला की सुटला, कुणी वाचवणार नाही. वेट शिकायचा असेल तर ते सामने बघा.

आता सुरुवात. बर्फावर जाताना आधी रबराचा पाय टाका, स्लायडरचा नंतर. उतरताना उलट, स्लायडरचा पाय आधी बाहेर, रबराचा शेवटी. पहिले काही दिवस हेल्मेट घाला, डोक्यावर पडणं ही इथली खरी दुखापत. पहिला अख्खा तास दगडाशिवाय घसरा: हॅक, रेटा, मागचा पाय सैल सोडून सरळ लांबणं, तोल सरकत्या पायावर. दगडावर भार टाकून तोल सांभाळायची सवय लागली की ती मोडायला वर्ष जातं.

मग दगड घ्या, पण वर्तुळांकडे बघू नका. जोडीदाराला सोबत घ्या. सोडा, सुटल्याबरोबर तोंडाने आकडा सांगा, चार, सहा, नऊ, जे वाटेल ते, आणि दगड थांबला की मोजा. मग जोडीदाराने सोडायचा आणि तुम्ही बाजूने चालत आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी तीन-चार आकड्यांचा फरक पडेल. माझ्याकडे येणाऱ्यांकडून मी पहिले तीन आठवडे हेच करून घेते. चुकीचा आकडा सांगितला तरी चालेल, न सांगितलेला मात्र चालत नाही. दगड जवळच्या हॉग लाइनपासून थोडा पुढे गेला असतानाच आकडा बरोबर यायला लागला, की मग मी त्यांच्या हातात स्वीपिंगचा ब्रश देते.